काकांबद्दल लिहिलेली ओळ

दवाखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. आजारपणानं जखडलेले हातपाय पुन्हा चालते करायचं तिचं काम. हाताखाली चिमणी होती, तीन वर्षांपूर्वी परदेशातून नोकरीला आलेली. इकडून तिकडे उड्या मारत काम करायची म्हणून चिमणी. भाषा शिकली होती, पण अजून "हात दुखते का?" असंच विचारायची आणि पेशंट हसायचे.

क्रेनवाले काका तेवढे हसत नसत. तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली आणि एका सकाळी डावं अंग लुळं पडलं. मंगळवारी नि गुरुवारी बायको त्यांना घेऊन यायची. चार महिन्यांत ते काठीवर उभे राहायला लागले होते. व्यायाम करता करता गप्पा व्हायच्या. अशाच एका गप्पांत ताईनं त्यांना आपला घटस्फोट सांगितला होता. काका म्हणाले होते, "जाऊ द्या हो ताई. त्याचंच नशीब फुटकं."

मग वस्तीच्या ग्रुपवर वाद पेटला. दवाखान्यात बाहेरच्या देशातली माणसं का घेतात, आपली पोरं बेकार फिरतायत. काकांनी लिहिलं, "आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढून यांना भरवतात." ताईनं उत्तर दिलं, चिमणी यायच्या आधी ती जागा वर्षभर रिकामी होती, इथल्या एकाचाही अर्ज आला नव्हता. काकांनी पुरावे मागितले, तिनं दिले. दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन उघडला, तर काकांची ओळ होती, "ताईंना घरातलं माणूस टिकवता आलं नाही, म्हणून बाहेरची गोळा करतात."

डबा तसाच ठेवून तिनं लिहिलं, "काका, आधी स्वतःला सावरायला शिका. परवा ओली झालेली पँट बदलायला बाहेरचीच पोरगी लागली होती ना?"

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत दीडशे जण हसून गेले होते. 'जिरवली!' असं कुणी कुणी लिहिलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

दुपारी चिमणी फोन हातात घेऊन समोर उभी राहिली.

"हे तू लिहिलं?"

"तुझ्यासाठीच भांडत होते मी."

"मला विचारलं?" चिमणीचा आवाज चिरकला. "ते रडत होते त्या दिवशी. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता मी त्यांना. तुलासुद्धा फक्त फाइलमध्ये लिहायचं म्हणून सांगितलं."

ताईनं ती ओळ पुसली. पण तोवर कुणीतरी त्या ओळीचा फोटो काढून चार ग्रुपांवर फिरवला होता.

मंगळवारी काका आले नाहीत. गुरुवारीही नाहीत. शुक्रवारी ती त्यांच्या घरी गेली. बायकोनं दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. काका खिडकीपाशी बसले होते. डाव्या हाताची मूठ पोटाशी आवळलेली.

"काका, चुकलं माझं. माफी मागायला आलेय."

आजारानंतर त्यांचा शब्द जड पडायचा. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "मी पण... वाईटच लिहिलं. पण तुमचं दुःख तुम्ही मला सांगितलं होतं. माझं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

ती जायला वळली.

"आणि माफी इथं चार भिंतींत नको," काका म्हणाले. "हसले तिथं मागा."

तिनं मागितली. ग्रुपवर, नावानिशी. काल टाळ्या वाजवणारेच आज उलटले. एकानं विचारलं, माफीचे किती पैसे मिळाले? एकानं तिच्या घराचा पत्ता टाकला. सोमवारी ती आपणहून मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. पेशंटची गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणून चौकशी बसली आणि ताईला घरी बसवलं.

तीन आठवड्यांनी चिमणीचा फोन आला. मधे ती एकदाही बोलली नव्हती.

"काका आले आज."

"कसा आहे हात?"

"बोटं घट्ट झालीत. उघडताना ओरडले."

"आणि ग्रुपवर? अजून लिहितात?"

"लिहितात. आम्हाला परत पाठवा म्हणून. कालच लिहिलं." पलीकडे कुणाला तरी "हळू, हळू" म्हणत ती थांबली. "मी वाचत नाही. बायको सांगते त्यांची. तिला लाज वाटते."

"तरी तू त्यांचा हात धरतेस?"

"मग कोण धरणार? तू तर घरी आहेस," चिमणी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता की नाही, ते ताईला कळलं नाही. पुढचा पेशंट आला होता, म्हणून चिमणीनं फोन ठेवला.