येसाजीच्या ओठातला गळ

कडावचा कोंडाजी गळ टाकायला निघाला की एखाद वेळ भाकरी विसरायचा, पण झोळीतला पत्र्याचा डबा विसरायचा नाही. डब्यात काय, तर एक पक्कड, आयडीनची बाटली, कापूस आणि जुन्या धोतराची धुतलेली पट्टी. एवढा प्रपंच कशासाठी, तर मासे धरताना गळ माणसालाच लागला तर तो काढायला. गळ टाकणारे गावात काय थोडे होते? पण डबा घेऊन फिरणारा हा एकटाच. लोक त्याला तोंडावर डॉक्टर म्हणायचे. मग तो असा तडकायचा, की म्हणणाऱ्यानं गुमान वाट धरावी.

डबा बाळगायला कारणही तसंच होतं. तरुणपणी एकदा गळ त्याच्या तळहातात घुसला आणि शेजारच्या एका शहाण्यानं 'थांब, काढतो' म्हणत हिसका मारला. गळाच्या टोकाला उलटा दात असतो. आत जाताना तो मुकाट जातो, मागं ओढला की मांस फाडूनच बाहेर येतो. तेव्हापासून कोंडाजीची करंगळी वाकायची बंद झाली. पुढं कुणीतरी त्याला नीट समजावलं, की गळ मागं ओढायचाच नाही. पुढं ढकलायचा, टोक कातडीबाहेर आलं की दात पक्कडीनं तोडायचा आणि उरलेली तार आल्या वाटेनं काढायची. हे ऐकलं त्याच आठवड्यात त्यानं कर्जतच्या बाजारातून पक्कड आणली.

इथवर सगळं शहाणपणाचं. पण माशी शिंकली ती पुढंच. कोंडाजीच्या आईचं एक म्हणणं होतं, दुखणं नसताना औषधाचं झाकण उघडलं तर दुखणं घर विचारत येतं. आई गेली, म्हणणं राहिलं. डब्याला एकदा सुतळी बांधली ती बांधलीच. निघताना तो डबा कानाशी धरून हलवायचा, आत खडखडलं की त्याचं समाधान व्हायचं. किती पावसाळे गेले, कितीदा तो डबा नदीत भिजला, पण उघडून बघेल तर शपथ.

त्याचा जोडीदार दहिवलीचा येसाजी. हा बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. बायको जाऊन वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं, घरात बोलायचं ते त्या क्लॅरोनेटशी. पण वाजवायला लागला की खालापूरपासून नेरळपर्यंतच्या वराती जागच्या जागी थांबायच्या. त्या साली तुळशीची लग्नं नुकतीच उरकली होती, माणसांच्या लग्नांची सुपारी येसाजीच्या हातात पडत होती. हंगामाआधी एक रविवार नदीवर घालवू, म्हणून दोघं कोंडाण्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याला एका डोहावर जाऊन बसले.

सकाळ झकास गेली. कोंडाजीच्या गळाला हातभर लांबीची वाम लागली, चांगली लठ्ठ. तीन दगडांवर चहा झाला. येसाजीला मात्र एक वाईट खोड होती. एका गळाला गांडूळ लावताना दुसरा गळ तो ओठात धरायचा, शिंप्यानं सुई धरावी तसा. कोंडाजीनं त्याला किती वेळा सांगितलं असेल. हा आपला हसायचा.

त्या दिवशी गळ ओठात होता आणि त्याचा दोरा खाली लोंबत होता. पाण्यात सोडलेल्या गळाची काठी हलली म्हणून येसाजी घाईनं उठला. दोरा त्याच्याच पायाखाली आला. बस, एवढंच झालं. खालच्या ओठात गळ आरपार नाही, पण दातासकट आत जाऊन बसला.

येसाजीचा हात ओढायला गेला, तसा कोंडाजीनं तो मनगटाशी पकडला.

"हात लावू नको. लावलास तर हातच तोडीन तुझा."

येसाजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते दुखण्याचं नव्हतं. क्लॅरोनेटच्या तोंडाशी बोरूची पातळ जिभली असते, ती खालच्या ओठावर टेकते. त्याच ओठानं सूर धरायचा असतो. ओठ फाटला तर सूर गेला, आणि सूर गेल्यावर ह्या माणसाजवळ उरतं काय? कोंडाजीला हे कळत होतं.

त्यानं डबा काढला. सुतळी सुटेना, ती त्यानं दातानं तोडली. झाकण दगडावर आपटलं तेव्हा कुठं उघडलं. आयडीन शाबूत होतं. पक्कड मात्र गंजून एकजीव झालेली. दोन्ही हातांनी ताणली, गुडघ्यात धरून ताणली, ती ढिम्म हलेना. इतकी वर्षं ज्या खडखडाटावर हा माणूस विसंबून होता, तो ह्या लोखंडाच्या गोळ्याचा होता.

"घ्या," तो स्वतःलाच म्हणाला. "मोठा डॉक्टर. डबा वाहणारा गाढव हाय मी, गाढव."

कर्जतला जावं तर रविवारी डॉक्टर पुण्याला. दुसऱ्या दिवसापर्यंत ओठ भाकरीसारखा फुगणार आणि मग तो चिरावाच लागणार. कोंडाजी पक्कड दगडावर ठोकत होता आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तेवढ्यात येसाजीनं त्याचा खांदा हलवला आणि टोपलीकडं बोट दाखवलं. टोपलीत वाम होती.

कोंडाजी भडकला. "ओठात गळ अडकलाय आन् तुला खायाचं सुचतंय? लाज हाय का रं?"

येसाजीनं कपाळावर हात मारला. बोलता येईना, म्हणून त्यानं माशाच्या पोटावरून बोट फिरवलं, मग तेच बोट पक्कडीच्या खिळ्यावर घासलं आणि हाताची कात्री करून उघडझाप करून दाखवली. कोंडाजीनं टोपली जवळ ओढली.

"चरबी," तो म्हणाला. "अरं देवा, चरबी."

मग काय विचारता. वाम चिरली, पोटातली चरबी चहाच्या टोपात विस्तवावर वितळवली आणि थेंब थेंब पक्कडीच्या खिळ्यावर सोडली. पक्कड गरम करायची, चरबी सोडायची, ताणायची. वासानं डोकं उठलं. बऱ्याच वेळानं ती कुरकुरली, केसभर हलली, आणि अखेर तोंड उघडून बसली. कोंडाजीनं ती उकळत्या पाण्यात धुतली, तोंडाला आयडीन चोपडलं. ओठालाही चोपडलं, तेव्हा येसाजी बसल्या जागी उडाला.

आता खरी गंमत. पक्कड हलत होती, पण कोंडाजी ती ओठाशी नेईना.

"येसा," तो म्हणाला, "मला भ्या वाटतंय. माझ्याच हातनं तुझं वाटोळं झालं तर?"

येसाजीनं त्याचा गुडघा घट्ट धरला आणि मान हलवली. कर, म्हणून.

कोंडाजीनं गळ पुढं ढकलला. ओठाच्या आतून फुगवटा आला, मग टोक, मग तो हरामखोर दात. पहिल्यांदा पक्कड घसरली. दुसऱ्यांदा त्यानं श्वास धरून दाबली आणि दात कटकन तुटला. उरलेली तार अशी अलगद आली, की येसाजीला ती निघाली हे कळलंच नाही. कोंडाजीनं ती तळहातावर धरून दाखवली.

"वाम फुकट गेली," येसाजी रक्त थुंकत म्हणाला.

सोमवारी डॉक्टरनं धनुर्वाताची सुई टोचली आणि जखम भरेपर्यंत वाजवायचं नाही म्हणून बजावलं. जखम भरली, पण आत एक गाठ राहिली. पहिल्या दोन सुपाऱ्या दुसऱ्याला गेल्या. कोंडाजीला घास गोड लागेना. दहिवलीला जायचं म्हटलं की तो काहीतरी काम काढायचा. आपण गळ जरा बाजूनं ढकलायला हवा होता, असं त्याला रोज वाटायचं. शेवटी त्याची बायको सोनाबाई म्हणाली, "तुमी तिकडं जात नाय तर त्यो हिकडं येईल."

आणि आलाच. एका संध्याकाळी येसाजी क्लॅरोनेटची पेटी घेऊन अंगणात उभा राहिला.

"घरी वाजवून बघितलं नाय," तो म्हणाला. "तुझ्यासमोरच बघायचं ठरवलं. गेला असंल सूर तर एकट्याला नको कळाया."

त्यानं जिभली ओल्या ओठावर टेकवली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा एक चिरका आवाज, शेळीच्या करडासारखा. कोंडाजीनं मान खाली घातली. येसाजीनं क्लॅरोनेट खाली घेतलं, ओठ जिभेनं चाचपला, गाठ जिथं होती तिथून जिभली जरा डावीकडं सरकवली आणि पुन्हा फुंकलं.

सूर लागला. सरळ, भरलेला, अंगणाबाहेर जाणारा. तो थांबेचना. कोंडाजी ओट्यावर बसून पोरासारखा रडत होता आणि येसाजी डोळे मिटून वाजवत होता. चुलीवरचं दूध उतू गेलं. सोनाबाई उंबऱ्यात उभी होती, तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.