विमानाने दोनच तास

"विमानाने दोनच तासांची तर वाट आहे गं आई! सकाळी निघालो की दुपारी तुझ्यासमोर जेवायला हजर." दूरच्या शहरात नोकरीला जाताना धाकट्याने हे आईच्या गळी उतरवलं होतं. विमान हवेत दोन तास असतं हे खरंच. पण घरापासून विमानतळ, तिथल्या रांगा, ताटकळणं, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी, हे सगळं धरलं तर दिवस मोडतो. ते त्याने कधी सांगितलं नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो; "दहा मिनिटांत चालू होईल" म्हणून वेळ मारून नेण्यात चांगला मुरलेला.

आज तोच सीटचा पट्टा आवळून बसला होता आणि विमान जागचं हलत नव्हतं. बाहेर धुकं होतं, पुढे विमानांची रांग लागली होती.

फोनवर ताई रडकुंडीला आली होती. "अरे, आतडं फुटलंय तिचं. डॉक्टर म्हणतायत, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करू, नाहीतर हाताबाहेर जाईल. आणि ही हटून बसलीये! म्हणते, पोराला बघितल्याशिवाय भूल घेणार नाही. दोन तासांत येतोच तो, म्हणते."

तो म्हणाला, "तिला फोन दे."

ताईने फोन आईच्या कानाला लावला.

"आई, पोचलो गं. खाली टॅक्सीतून उतरतोय. तू हो आत, मी आलोच."

"आलास?" कण्हताकण्हताही तिचा आवाज उजळला. "मग ये ना वर. तोवर थांबते मी. अहो डॉक्टर, आला हो तो, खालीच आहे!"

झालं! थाप अंगलट आली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. विमानाच्या पंखाचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. शेजारचा प्रवासी बघत होता, तरी त्याला रडू आवरेना.

"आई, मी खाली नाही. विमान अजून उडालंच नाही. आणि दोन तास कधीच नव्हते गं. अख्खा दिवस जातो. मी उगाच सांगायचो."

पलीकडे कसलंतरी यंत्र वाजत होतं.

"अख्खा दिवस?" आई म्हणाली. "अरे, तुझा 'निघालो' म्हणून फोन आला की दोन तासांनी मी जिन्यात जाऊन बसायचे. पार अंधार पडेपर्यंत."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू आलास की कुठला राहतोय राग!" तिला धाप लागली. "ने गं मला आत," ती ताईला म्हणाली. आणि मग त्याला, "सावकाश ये. धावपळ करू नकोस."

फोन बंद झाला. काही वेळाने विमान एकदाचं धावलं आणि वर उठलं. आता उतरेपर्यंत तिकडचं काही कळायला मार्ग नव्हता. प्रवासाला दोन तास लागतील, अशी घोषणा झाली. शेजारचा प्रवासी त्याला धीर द्यायला म्हणाला, "दोनच तास हो. हां हां म्हणता जातील."

धाकट्याने मान हलवली आणि डोळे मिटले. त्या दोन तासांत आई त्याला जिन्यात बसलेली दिसत होती, आणि काही केल्या उठून घरात जात नव्हती.