तीनशे शिंप्यांपैकी एक

नव्या कंपन्यांना वर्षभर फुकट सर्व्हर देणाऱ्या योजनेच्या अर्जात पठ्ठ्याने बिनदिक्कत ठोकून दिलं होतं की, त्याचं मापं लिहायचं ॲप तीनशे शिंपी वापरतात. झाडून सगळी खाती त्यानेच उघडलेली. एका शिंप्याचा नंबर मागितला होता, तिथे आईचा दिला. असले फोन कोण करतंय?

व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेणाऱ्या योजनेच्या मॅडमनी तिथल्या तिथे त्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या खोलीतलं आईचं शिलाई मशीन थांबलं.

"ॲप ना? रोज उघडते की," आईचा आवाज भिंतीपलीकडूनही आला आणि मॅडमच्या फोनमधूनही.

"मापं त्यातच लिहिता?"

"छे हो, मापं वहीत. ते माझ्या मुलाने बनवलंय. दुसरं कुणी उघडत नाही, म्हणून मीच दिवसातून चारदा उघडते. तेवढंच त्याला बरं वाटतं."

मॅडम कागद चाळत राहिल्या. त्याची मान वर होईना. कुणी उघडत नाही, हे त्याने आईला कधीच सांगितलं नव्हतं.