वीस आणि तीस यांच्या मधली पायरी

१०

कारखान्यातल्या कामाच्या कागदावर पायऱ्यांना एक, दोन, तीन असे आकडे देत नाहीत. दहा, वीस, तीस असे देतात. माणूस विसरतो, हे कागद लिहिणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. पुढेमागे काही आठवलं, तर मधे घालायला जागा हवी.

गुरुनाथ मिरजकर पंचवीस वर्षं असे कागद लिहीत आला होता. घर ॲन आर्बरला. नोकरी तिथून अर्ध्या तासावर, एका जुन्या कारखान्यात. गाडीच्या स्टिअरिंगमध्ये बसणारी बोटाएवढी पोलादी दांडी तिथे घासून तयार होई. २००४ च्या जानेवारीत मॅनेजरने त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते दार एरवी कधी लागत नसे.

"निंगबोहून तीन इंजिनियर येतायत," मॅनेजर म्हणाला. "दांडीची प्रोसेस शीट लिही. कधी मशीन न पाहिलेल्यालाही कळेल अशी."

मग त्याने एक कागद पुढे सरकवला. चीनच्या माणसांनी तीन सकाळी, इथल्याच मशीनवर, फक्त शीट वाचून दांड्या करायच्या. तिसऱ्या सकाळपर्यंत जमलं, तर जूनमध्ये मशीनं खोक्यांत भरून निंगबोला. नाही जमलं, तर वर्षभर विषय बंद. शेवटची ओळ: यातलं कुणालाही सांगणार नाही. खाली सहीची जागा.

गुरुनाथची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. त्याने सही केली.

शॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं गेलं की काम वाढलंय, जास्तीचं काम चीनमध्ये करून घेणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. व्हर्ननेही.

२०

दांड्या घासायचं ते मशीन व्हर्नचं. कागदोपत्री कंपनीचं, पण हाक मारताना व्हर्नचं.

गुरुनाथ १९७९ साली कोल्हापूरची फाउंड्री सोडून इथे आला, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलापाशी कुणी फिरकत नसे. तिसऱ्या आठवड्यात व्हर्न आपला डबा घेऊन समोर येऊन बसला.

"तू काय खातोस त्याचा वास मला मशीनपर्यंत येतो," तो म्हणाला. "निदान चव तरी दे."

लसणाची चटणी होती. व्हर्नच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने दुसऱ्यांदा मागितली. तेव्हापासून गुरुनाथची बायको शोभना डब्यात चटणीची एक पुडी जास्तीची घाली.

त्याच हिवाळ्यात व्हर्नने त्याला ती गोष्ट दाखवली. दांड्या रात्रभर मालाच्या दारापाशी पडून असत, बर्फासारख्या गार. मोजमापाची नमुना-दांडी मात्र ऑफिसच्या उबेत, मखमली पेटीत. सकाळी गार दांडी उबदार नमुन्याशी ताडून घासली, की मशीनवर अगदी बरोबर भरते आणि नंतर ऊब लागली की फुगते. केसाच्या विसाव्या हिश्शाएवढीच. पण तेवढ्याने ती अडकते. व्हर्न चाळीस मिनिटं लवकर येई, पेटीतला नमुना उचलून आणी आणि मशीनच्या पत्र्यावर गार दांड्यांच्या शेजारी ठेवून देई. मग कॉफी. सगळ्यांची ऊब सारखी झाली, की काम सुरू.

"हे कुठे लिहिलेलं नाही," व्हर्न म्हणाला होता. "कुणी विचारलंच नाही."

३०

"काका, चायना फंड घेतलात ना?" शॉमबर्गहून पुतण्याचा, केदारचा फोन. "गेल्या वर्षी कसला वर गेलाय यार."

"आहे थोडा. निवृत्तीच्या पैशांत."

"मग टेन्शन कसलं? फॅक्टरी तिकडे गेली तरी फंड वाढणार. दोन्हीकडून तुमचीच चांदी." केदार स्वतःच हसला. "आमच्याकडे तरी काय वेगळं? माझं सॉफ्टवेअरचं मॉड्यूल पुण्याला चाललंय. मीच फोनवर ट्रेनिंग देतोय."

फोन ठेवल्यावर शोभनाने ताट पुढे केलं. तिला सगळं ठाऊक होतं. 'कुणालाही सांगणार नाही' यातल्या 'कुणालाही'मध्ये बायको येत नाही, असं गुरुनाथने धरून टाकलं होतं.

"अहो, व्हर्नला सांगून टाका."

"सही केलीय."

"मला सांगितलंत तेव्हा कुठे गेली होती सही?"

त्याने भात कालवला आणि तसाच ठेवला. मग उठून आतल्या खोलीत जाऊन शीट पुरी केली. वीस: दांड्या मशीनपाशी आणणे. तीस: नमुन्याशी ताडून घासणे. दोन्हींच्या मधे काही नाही.

पंचवीस वर्षांत त्याने मुद्दाम अपुरा ठेवलेला हा पहिला कागद. तरी त्याला बरं वाटत होतं. न बोलता, सही न मोडता, व्हर्नचं मशीन आपण जागेवर ठेवतोय.

४०

पहिल्या सकाळी शंभरातल्या एकेचाळीस दांड्या बाद झाल्या. दुसऱ्या सकाळी अडतीस.

निंगबोची मुख्य इंजिनियर फांग, तिशीची, बारीक चणीची. ती शीटवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचत होती. चूक आपलीच, असं धरून चाललेल्या माणसाचं ते वाचणं. गुरुनाथने नजर दुसरीकडे वळवली. १९७९ साली तोही असाच वाचायचा.

व्हर्नला हात लावायची मनाई होती. तो खांबाला टेकून बघत राहिला. बाद दांड्यांच्या ट्रेमधून त्याने एक उचलली, बोटांत फिरवली. तिच्या टोकाला कारखान्याचा छाप होता.

जेवणाच्या सुट्टीत त्याने गुरुनाथकडे शीट मागून घेतली.

"गुरू, तू एक पायरी विसरलास."

गुरुनाथने डब्याचं झाकण लावलं.

"मी तुला दाखवली होती. तेव्हा हसून मान डोलावलीस, मला वाटलं शिकलास." व्हर्नने चटणीची पुडी हळूच परत सरकवली. "नुसता सभ्यपणा दाखवत होतास म्हण की."

तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले आणि गुरुनाथला सहीची जागा दिसली, तिच्याखालची तारीख दिसली. तो म्हणाला, "विसरलो असेन."

तिसऱ्या सकाळी तो पोचला, तेव्हा व्हर्न आधीच आलेला होता. पेटी उघडी होती. नमुना पत्र्यावर, दांड्यांच्या रांगेला लागून. व्हर्न फांगला स्वतःच्या थर्मासमधली कॉफी ओतून देत होता.

"थांब," तो तिला सांगत होता. "हात लावू नकोस. नुसती थांब. ह्यालाही मीच शिकवलं होतं, हाही बाहेरूनच आला होता. ह्याच्या डोक्यात राहिलं नाही. तू लिहून घे."

फांगने शीटवरच, वीस आणि तीसच्या मधे लिहून घेतलं. गुरुनाथ दोन हातांच्या अंतरावर उभा होता. नमुना उचलून पेटीत ठेवला असता, तरी झालं असतं. काहीतरी सांडलं असतं, तरी चाललं असतं. तो उभाच राहिला.

शंभरातल्या शंभर पास झाल्या. फांगने व्हर्नचा हात दोन्ही हातांत धरला. व्हर्नचे कान लाल झाले.

५०

एप्रिलमध्ये नोटीस लागली: मशीनं जूनमध्ये निंगबोला जाणार. व्हर्नने ती दोनदा वाचली आणि पार्किंगमध्ये गुरुनाथच्या गाडीपाशी येऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"म्हणजे विसरला नव्हतास."

"नाही."

गाडीच्या टपावर हिवाळाभर बर्फासाठी रस्त्यांवर टाकतात ते मीठ सुकून बसलं होतं. व्हर्नने ते अंगठ्याने खरवडलं.

"मला सांगायचं होतंस, गुरू," तो म्हणाला. "मीही विसरलो असतो."

तो आपल्या ट्रककडे गेला. जूनपर्यंत तो कामावर आला. जेवायला मात्र मशीनपाशीच बसे, पाठ करून. शोभनाने दुसरी पुडी बांधायची कधी थांबवली ते गुरुनाथने विचारलं नाही.

मशीनं गेली त्या आठवड्यात निंगबोहून फांगची ईमेल आली. शीट कायमची करायची आहे. पंचविसावी पायरी तुमच्या शब्दांत लिहून पाठवावी. ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव घालायची तिची इच्छा आहे. गुरुनाथने व्हर्नचं नाव टाइप केलं. पण शीटवरच्या नावाच्या रकान्यात फक्त इंजिनियरची आद्याक्षरं बसत. तीन अक्षरं. तिथे त्याची स्वतःची बसली.

२५

नमुना पेटीतून बाहेर काढावा. गार दांड्यांच्या शेजारी, एकाच पत्र्यावर ठेवावा.

चाळीस मिनिटं थांबावं. मधे हात लावू नये.

कुणी सोबत असेल, तर त्याच्याशी बोलावं.