वैऱ्याचं गाढव

मी एक म्हातारं गाढव आहे. रंग राखाडी, उजवा कान फाटका, दात मोजावे एवढेच उरलेत. मित्रांनो, आधी हसून घ्या, मग ऐका. आमच्या यहूदाच्या डोंगरात घोडे राजाच्या माणसांकडे असतात, उंट व्यापाऱ्यांकडे असतात, आणि बाकीचं सगळं आमच्या पाठीवर असतं.

माझं आयुष्य सुरू होता होताच संपणार होतं, तेही नियमानुसार. मी आईचं पहिलं शिंगरू, त्यात नर. गाईचं, मेंढीचं पहिलं पिल्लू देवाचं, ते वेदीवर जातं. गाढव अशुद्ध, आम्हाला वेदीवर कोण घेणार? म्हणून आमच्यासाठी वेगळी सोय आहे. शिंगराच्या बदल्यात याजकाला, म्हणजे वेदीवरच्या पुजाऱ्याला, एक कोकरू द्यायचं, नाहीतर शिंगराची मान मोडायची.

माझा मालक हेफेर तेव्हा नुकताच संसाराला लागला होता. त्याच्याकडे कोकरं चारच. तो कधी कोकराकडे बघे, कधी माझ्याकडे.

"कोकरू लोकर तरी देतं," तो म्हणाला.

"मोडा मग मान," त्याची बायको हग्ला म्हणाली. "पण झऱ्यावरून घागरी कुणाच्या पाठीवर आणायच्या ते आत्ताच ठरवू. तुमची पाठ चांगली रुंद आहे."

हेफेरनं मागे हात नेऊन आपली पाठ चाचपली, आणि दावं सोडून कोकराला याजकाकडे नेलं. जाताना ते कोकरू एकदा मागे वळलं. माझ्यासाठी कुणीतरी गेलंय, हे मला त्या दिवसापासून ठाऊक आहे. पुढे ओझं जड वाटलं की मी ते आठवायचो. दर वेळी नाही, पण आठवायचो.

कामाची वर्षं मजेत गेली. पाणी आणलं, जव वाहिले, जैतुनाच्या टोपल्या वाहिल्या. सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी हक्कानं लोळलो, कारण त्या दिवशी गाढवालाही सुट्टी असते. हेफेरला मात्र ही सुट्टी जड जायची. एका सातव्या दिवशी तो उठला, सवयीनं खोगीर घेऊन माझ्याकडे निघाला, आणि अर्ध्यावर त्याला वार आठवला. आता खोगीर परत नेलं तर ते ओझं वाहणं होणार. मग तो खोगीर हातात धरून तसाच उभा राहिला. शेवटी हग्लानं ओरडून सांगितलं, की उभं राहूनही वाहताच आहात, खाली टाका. ते खोगीर संध्याकाळपर्यंत तिथंच पडलं होतं आणि त्यावर कोंबडी झोपली होती.

माझं कौतुकही झालं बरं का. देवानं डोंगरावर लोकांना ज्या दहा मोठ्या आज्ञा दिल्या, त्यातल्या शेवटच्या आज्ञेत आमचं नाव आहे. शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नका, बायकोचा धरू नका, बैलाचा धरू नका, गाढवाचा धरू नका. घोड्याचं नाव नाही. मी दर वेळी कान देऊन ऐकलंय.

पण माझा लोभ धरणारं गावात कुणी नव्हतं. शेजारी गेरा तर म्हणायचा, "हेफेरच्या गाढवापुरता मी एकदम पवित्र माणूस आहे."

हा गेरा आणि हेफेर लहानपणापासूनचे दोस्त. एका ताटात मसूर खाल्लेले. ती दोस्ती तुटली ती माझ्या पाठीवरच.

झालं असं, की गेरानं नवीन घर बांधलं. आमची घरं धाब्याची. लोक छतावर झोपतात, बसतात, अंजीर वाळवतात. म्हणून नियम आहे की नव्या घराच्या छताला कठडा बांधायचा, कुणी पडून मेलं तर त्याचं रक्त घरावर नको. गेरा तीन वर्षं म्हणत होता, "उद्या बांधतो." तिसऱ्या वर्षी मेंढ्यांची लोकर कातरली, तेव्हा त्यानं छतावर जेवण घातलं. द्राक्षारस झाला, गाणी झाली, हेफेर नाचायला उठला. तो नाचताना मागे मागे जातो. जिथं कठडा असायला हवा होता तिथूनही तो मागे गेला.

खाली मी उभा होतो. गेराचा पेंढा खात.

हेफेर माझ्यावर पडला, माझ्यावरून उसळला आणि शेणाच्या ढिगात बसला. जीव वाचला, पण कंबर कायमची गेली. माझा कान फाटला तो तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी वेशीत वडीलधारी मंडळी बसली. आमच्याकडे भांडण वेशीवर जातं.

गेरा म्हणाला, "तो माझ्या छतावरून पडला हे कबूल. पण पडला कुणाच्या गाढवावर? स्वतःच्या. म्हणजे तो आपल्याच मालमत्तेवर उतरला."

"आणि गाढव तिथं का होतं?" हेफेर ओरडला. "तुझ्याकडचा पेंढा मोकळा पडला होता म्हणून."

सगळ्यात म्हातारे वडील म्हणाले, "बाळा, तू जरा गप्प बस. तू आता चोरी कबूल करायला लागलास."

निकाल लागला. गेरानं कठडा बांधायचा आणि हेफेर चालू लागेपर्यंत त्याच्या शेतात राबायचं. गेरानं दोन्ही केलं. कठडा तर रागानं इतका उंच बांधला की छतावर उभं राहिलं तर फक्त आकाश दिसायचं. पण त्या दिवसापासून दोघं बोलेनात. काही सांगायचं झालं तर मला सांगायचे. "ए गाढवा, तुझ्या मालकाला सांग, पन्हाळ्याचं पाणी माझ्या अंगणात येतंय." मी ऐकून घ्यायचो. अशी पाच वर्षं गेली.

मधे एकदा मरारी नावाचा लेवी गावात आला. लेवी म्हणजे गावोगाव नियम शिकवणारी माणसं. एला नावाचं मोठं सावलीचं झाड आहे, त्याखाली सगळे जमले. हेफेर एका टोकाला, गेरा दुसऱ्या टोकाला, मधे मी बांधलेलो.

"नियम ढीगभर आहेत, लक्षात कसे ठेवायचे?" कुणीतरी विचारलं.

मरारी म्हणाला, "काही नियम वेदीचे. काय अर्पण करायचं, काय खायचं, काय शुद्ध, काय अशुद्ध. ते चुकले तर याजकाकडे जा. काही वेशीचे. कुणाचा बैल कुणाला मारतो, कुणाच्या खड्ड्यात कोण पडतो. ते चुकले तर वडिलांकडे जा. आणि काही छातीच्या आतले. लोभ धरू नको, मनात वैर ठेवू नको."

"ते चुकले तर कुणाकडे जायचं?" गेरानं विचारलं.

"कुणाकडे जाणार? मनातल्या रागाला साक्षीदार कुठून आणशील?"

"मग शिक्षा नाही?"

"वेशीत नाही."

"मग तो नियम सोपाच म्हणायचा," गेरा म्हणाला, आणि लोक हसले.

मरारीही हसला. "तीन गाठोडी आहेत म्हणून सांगितलं, पण ओझं एकच आहे. आपण मिसर देशात गुलाम होतो. आपल्याला कुणी सुट्टी देत नव्हतं, कुणी उचलून उभं करत नव्हतं. सुटून आलो, तर देवानं हे सगळं दिलं, ते एवढ्यासाठी की आपणही एकमेकांना तसंच वागवायला लागू नये. हे गाढव बघा. एकाच बाजूला लादलं तर चालेल का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. विद्वान दिसायची ती एक रीत आहे.

आता खरी गोष्ट. अबोल्याच्या पाचव्या साली हेफेरच्या बियाण्याला कीड लागली. जवाचा दाणा न् दाणा पोकळ. मांडवाचा सण, म्हणजे सुगीनंतरचा आमचा शेवटचा सण, उरकला होता, पाऊस कुठल्याही दिवशी आला असता, आणि पेरायला मूठभर नाही. पेरणी चुकली तर वर्षभर भाकरी नाही. म्हणून हेफेर हग्लाच्या माहेरी गेला आणि दोन पोती बियाणं घेऊन निघाला. तेवढ्यावर थांबता तर बरं होतं. सासूनं अंजिराच्या वड्या दिल्या, तेलाचा बुधला दिला, आणि जात्याचा एक जास्तीचा दगडही दिला. "माझ्या लेकीला होईल," म्हणाली. हेफेरला सासूपुढे नाही म्हणता येत नाही. दगड माझ्या डाव्या बाजूला आला.

गावाखालच्या कोरड्या ओढ्यात मी पडलो. खरं सांगतो, आधी पाय घसरला. पण पडल्यावर उठायचा विचार मी काही फारसा केला नाही. दोराची गाठ माझ्या पोटाखाली गेली होती. सुरी हेफेर सासूकडे विसरून आला होता. मला उचलल्याशिवाय गाठ सुटणार नव्हती, आणि मला उचलणं मोडक्या कंबरेच्या एकट्या माणसाचं काम नव्हतं. वर डोंगरावर आभाळ काळं झालं होतं. आमचे ओढे कोरडे असतात ते असतातच, पण डोंगरावर पाऊस झाला की पाणी न सांगता येतं.

तेवढ्यात वाटेवर गेरा दिसला.

आता इथं एक नियम आहे, आमच्याकडे तो पोराटोरांनाही पाठ असतो. तुमचा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं, तर सोडून जायचं नाही. मालकाच्या जोडीनं त्याला मोकळं करायचं. गेरालाही तो पाठ होता, म्हणून त्यानं काय केलं, तर पांघरूण डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलं. दिसलंच नाही तर नियम कसा लागणार? असा तो डोळे झाकून चाचपडत ओढ्यात उतरला आणि माझ्या मानेला अडखळून माझ्यावर आडवा झाला.

"दिसलं का आता?" हेफेर म्हणाला. पाच वर्षांतलं हे त्याचं गेराशी पहिलं वाक्य.

"लागलं," गेरा गुडघा चोळत म्हणाला. "दिसलं असं मी म्हटलेलं नाही."

"डोळे उघडे आहेत तुझे."

"बरं, दिसलं. चल, धर तिकडून."

आणि मित्रांनो, हेफेर जाऊन एका धोंड्यावर बसला. "मी कशाला धरू? आज्ञा तुला आहे. वैऱ्याचं गाढव दिसलं तर उचल, असं तुला सांगितलंय. माझं गाढव माझ्या वैऱ्याचं नाही. तू उचल. मी बघतो नीट होतंय का."

गेरानंही दुसरा धोंडा शोधला. "मालकाच्या जोडीनं, असा नियम आहे. मालक बसला की मी मोकळा. उलट आता नियम तूच मोडतोयस."

"कंबर कुणी मोडली माझी?"

"नाचायला कुणी सांगितलं होतं?"

"कठडा कुठं होता?"

"बांधला की. दोन माणसं उंच बांधला. बायको म्हणते विहिरीत राहिल्यासारखं वाटतं."

वरच्या वळणावर गुरगुरल्यासारखा आवाज झाला. माझे कान, दीड का होईना, उभे राहिले. मी ओरडलो. त्यांना वाटलं मीही वादात भाग घेतोय.

तेवढ्यात काठावर हग्ला आली. तिला वरून पाणी दिसलं होतं. "अहो, पाणी आलंय! काय करताय तिथं?"

"नियम ठरवतोय," हेफेर म्हणाला.

"गेराभाऊ, तुम्ही?"

"मीही तेच, वहिनी."

हग्लानं दोघांकडे पाहिलं. मग ती ओरडली नाही, म्हणूनच मला ते नीट ऐकू आलं. "देवाला काय गाढव उचलायला तुम्हीच सापडला होतात? गाढवाचं बघायला मी आहे, सगळा गाव आहे. तो नियम तुम्हा दोघांना उठवायला केलाय. उठा."

पाण्याची पहिली जीभ तेव्हाच माझ्या पोटाला लागली. गार. गेरा उठला. खाली वाकून त्यानं आपला खांदा पोत्याखाली घातला आणि थांबला. एकट्यानं उचललं नाही. नुसता वाकून थांबला. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. मी हेफेरचं तोंड बघत होतो. त्याचे ओठ हलत होते, बहुतेक अजून एखादा मुद्दा शिल्लक होता. मग त्यानं तो गिळला, कण्हत उठला, आणि दुसऱ्या बाजूनं माझ्याखाली खांदा घातला.

"तीन म्हटलं की," गेरा म्हणाला.

"दोनवरच उचल, पाणी बघ."

मी उठलो. या वेळी मीही जोर लावला, ते कुणी सांगत नाही. आम्ही तिघं काठावर चढलो आणि मागून ओढा भरून गेला. जात्याचा दगड दोरातून निसटून पाण्यात गेला. त्याच्यासाठी हेफेर रडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

काठावर गेरानं पोत्यात हात घातला. "भिजलंय रे. दोन दिवसांत मोड येतील. उद्याच पेरायला पाहिजे."

"एका दिवसात कसं होणार माझ्याच्यानं," हेफेर म्हणाला. त्यानं कंबरेवर हात ठेवला, पण कंबरेचं नाव काढलं नाही.

"माझा बैल घेऊन येतो."

मी उत्साहानं पुढे झालो. दोघं एकदमच म्हणाले, "तू नाही." बैल आणि गाढव एका जुवाला जोडायचे नाहीत, असाही आमच्याकडे नियम आहे. बैल जोरात ओढणार, आम्ही मागे फरफटणार, म्हणून. या नियमाबद्दल मी कधीच तक्रार केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनी पेरलं. मी बांधावर चरत होतो. सकाळभर ते फक्त बैलाशी बोलले. दुपारी हग्लानं भाकरी आणि मसूर आणले, एकाच ताटात. तिनं मुद्दाम केलं की ताट कमी पडलं, ते मला माहीत नाही. खाता खाता गेरा म्हणाला, "तुझ्या सासूनं दगड का दिला होता रे?" आणि हेफेर जो हसायला लागला, तो मागे मागे जाऊन बांधावरून खाली पडला. बांध वीतभरच उंच होता. त्या साली जव चांगले आले.

आता मी काम करत नाही. मला कुणी विकलं नाही, डोंगरात सोडून दिलं नाही. हग्ला ओला पाला आणते, कारण सुका चावत नाही. मी सावलीत उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाढवांची ओझी बघतो. फार लादतात हो. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्या जातीचं कुणी असेल, तर निघण्याआधी दोन्ही बाजू एकदा हातानं तोलून बघा, आणि सासूनं दिलेलं सगळं घेऊ नका. आणि वाटेत एखादं जनावर ओझ्याखाली पडलेलं दिसलं, तर कुणाचं आहे ते मागून विचारा. एका बाजूला तुम्ही जा, दुसऱ्या बाजूला त्याचा मालक जाईल. मधे आम्ही असतो. आम्ही चांगले रुंद असतो, त्यामुळे उचलताना एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही. उचलून झाल्यावर दिसतं, पण तोवर दोघांनाही दम लागलेला असतो.