सागाचे दात

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. तोंड उघडायचा मला आता फार कंटाळा आला आहे. पण एका माणसाची गोष्ट सांगायची राहिली आहे, म्हणून एवढ्यापुरते उघडतो.

मी मिंकी देवमाशाचा खालचा जबडा. नावात मासा असला तरी आम्ही मासे नव्हे. आम्ही हवेत श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. देवमाशांची दोन घराणी आहेत, एक दातवाल्यांचे आणि दुसरे झालरवाल्यांचे. आमचे दुसरे. आईच्या पोटात असताना आम्हाला दातांचे अंकुर येतात, पण जन्माआधीच ते विरून जातात. मग वरच्या जबड्याला नखासारख्या पट्ट्यांची दाट झालर येते. तोंडभर समुद्र घ्यायचा, झालरीतून पाणी बाहेर सोडायचे आणि आत अडकलेले झिंगे नि बारीक मासळी गिळायची, असे आमचे जेवण.

या घराण्यात निळा देवमासा सर्वांत थोरला. गळ्याला लांब घड्या असलेल्या आमच्या शाखेत मी सर्वांत धाकटा. शिकारी जहाजे आधी थोरल्यांच्या मागे लागली. ते कमी झाले तेव्हा धाकट्यांची पाळी आली. धाकटेपणाचा फायदा एवढाच, की मार जरा उशिरा मिळतो.

माझ्या वाट्याला भाला आला नाही. मी कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीत अडकून मेलो. वरचा जबडा खडकांवर फुटला आणि झालर लाटांनी नेली. खालची दोन हाडे तेवढी एका सर्कशीत पोचली. पुढे ती सर्कस नागपुरात मोडली, तेव्हा मालकाने मला तंबू ठोकणाऱ्या मुखरूच्या हवाली केले. ते साल एक्क्याऐंशी. मुखरू आरमोरीचा. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता आणि मी धानाचे बांध कधी पाहिले नव्हते.

माझ्या कडेला बारीक छिद्रांची ओळ आहे. मुखरूला वाटले, माझे दात पडून गेले आहेत. त्याच्या बापाचेही सगळे दात पडले होते आणि म्हातारा शेवटी नुसती पेज पिऊन गेला. मुखरूला माझा कळवळा आला. त्याने आलापल्लीचा साग आणला, महिनाभर खपून बावीस दात कोरले, छिद्रे मोठी केली आणि ते माझ्यात ठोकले. वर पत्र्याचा जबडा बसवला आणि दोरी बांधली. मित्रांनो, दुष्टाव्याने कोणी छळले तर राग तरी धरता येतो. प्रेमाने ठोकलेल्या दातांचे काय करायचे?

मग जत्रांमागून जत्रा सुरू झाल्या. दोरी ओढली की मी उघडायचो, सोडली की मिटायचो. माणसे गिळणारा राक्षस म्हणून मुखरू माझी ओळख करून द्यायचा. पोरे किंकाळ्या मारायची, मोठी माणसे हसायची. जन्मभर झिंग्यांवर जगलेल्या मला ते ऐकून फार लाज वाटायची.

पंच्याऐंशी साली वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेत, भर दुपारी, गुणाबाई नावाची ढिवराची म्हातारी नात रुखमाला घेऊन तंबूत आली. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, दगडांखाली हाताने चाचपून मासे धरण्यात तिचे आयुष्य गेले होते. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. रुखमा दहा वर्षांची. आदल्या वर्षी तिने मला पाहिले आणि तेव्हापासून ती नदीत उतरत नव्हती. गुणाबाईने मुखरूकडे एवढेच मागितले, की एकदा जबड्याला हात लावू दे. मागे रांग ओरडत होती, तरी मुखरूने लोकांना अडवणारी आडवी दोरी वर उचलली.

तिने मला चाचपले. किती वर्षांनी कोणी मला शांतपणे हात लावत होते! शेवटी मागच्या टोकाला, जिथे मुखरूने दात बसवले नव्हते, तिथल्या मूळच्या बारीक छिद्रांवर तिचे बोट थांबले.

"याले दात नव्हतेच, भाऊ," ती म्हणाली. "येवढ्याशा भोकात दात उभा राह्यते काय? हे रगताचं भोक होय. ज्याले दात नाई, तो बारीक खाते. हा झिंगे खात असन."

मुखरूचा चेहरा उतरला. लोक दातच पाहायला येतात, ते गेले तर मी काय दाखवू, असे तो पडेल आवाजात म्हणाला.

"माह्या डोयात आता काई राह्यलं नाई," गुणाबाई म्हणाली. "औंदा इले नदी शिकवा लागते. अन् ह्या दातापायी पोट्टी पाण्यात पाय ठेवत नाई."

मुखरूने पकड आणली, पुढचा दात उपटला आणि रुखमाच्या हातात दिला.

"सागाचा होय, बाई. म्याच केला," तो म्हणाला.

एकेक करून त्याने सगळे दात काढले. रांगेतले लोक कुरकुरत निघून गेले. रुखमाने माझ्या तोंडात आधी बोट घातले, मग कोपरापर्यंत हात. त्या संध्याकाळी ती आजीचा पदर धरून गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली. मुखरू काठावर जाऊन ते पाहून आला आणि मला पुसत बसला.

पुढच्या जत्रांत तो मला झिंगे खाणारा गरीब देवमासा म्हणून दाखवू लागला. बिनदाताचा राक्षस कोण पाहणार? दोन जत्रांत तंबू मिटला. त्याचा सोबती जंगू म्हणाला, दात पिशवीत आहेत, परत ठोक. मुखरू म्हणाला, "ते पोट्टी येते न जत्रेले."

आता मी आरमोरीत त्याच्या घराच्या वळचणीला पडून आहे. अंगावर कोंबड्या बसतात, ऊन-पावसाने मी तडकलो आहे. मुखरू लोकांच्या धानाच्या शेतांत रोजीने जातो. त्याला दुर्बुद्धी झाली आणि चालता धंदा बुडाला, असे लोक म्हणतात.

मित्रांनो, मला जपा असे म्हणण्याचे माझे वय राहिले नाही. समुद्रात माझे भाऊबंद आहेत, त्यांना जपा. आणि कधी आरमोरीला आलात, तर मुखरूला धंदा का बुडाला ते विचारू नका. देवमासा काय खातो, ते विचारा. कोणी विचारील म्हणून तो अजून वाट पाहतो.