साथ दाखवणारी पन्हळ

मित्रांनो, मला पाहून कुणाला कोंबड्यांना दाणे घालायची पन्हळ आठवते, तर कुणी माझ्यात पेन्सिली ठेवू पाहतं. माझी तक्रार नाही. मी अक्रोडाच्या लाकडाची जुनी पन्हळ आहे आणि साथ कशी पसरते, हे दाखवणं हे माझं काम होतं.

मोरावा नदीकाठच्या गावात डॉक्टर देसांका यांनी मला सुताराकडून करून घेतलं. बाई साथींचं गणित मांडत. पण कागदावरची आकडेमोड पाहून गावकऱ्यांना जांभया येत. म्हणून माझा जन्म झाला. लाल मणी आजारी माणसांचे, हिरवे आजार होऊ शकेल अशांचे, पांढरे लस घेतलेल्यांचे. सगळे पिशवीत कालवून माझ्यात एका ओळीत सोडायचे. लालला चिकटलेल्या हिरव्याच्या जागी लाल ठेवायचा आणि पुन्हा कालवायचं. मध्ये पांढरा आला, तर हिरवा वाचे. पांढरे कमी पडले, की बाई मण्यांमध्ये छोट्या फळ्या खोचत. त्या फळ्या म्हणजे बंद शाळा, बंद दारं. मला हाताळायला शाळेत मुलांची झुंबड उडे. फार सुखाचे दिवस होते ते.

मग लसीबद्दल काहीबाही अफवा उठली. आयाबाया लस पुढे ढकलू लागल्या आणि शरदात डांग्या खोकला गावात शिरला. तान्ह्या बाळांच्या तो जिवावर उठतो. शाळा बंद झाली, लग्नं पुढे गेली. राहता राहिला स्लावा, म्हणजे प्रत्येक घराच्या संताचा सण.

वुकाशिन आजोबांच्या घरी संत लुकाचा स्लावा होता. त्यांची नात नेदा इतकी लहान, की लस घ्यायचं तिचं वयही झालं नव्हतं. देसांकाबाई मला घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या. हिरवा मणी ठेवून म्हणाल्या, "ही नेदा." मग त्यांनी बाकीचे मणी सोडले. लाल मणी तिला येऊन टेकला.

"डॉक्टरबाई, स्लावाला आम्ही कुणाला बोलावतच नाही," आजोबा म्हणाले. "ज्याला यायचं तो येतो. मग न बोलावलेल्याला येऊ नका म्हणून कसं सांगू?"

बाईंनी एक फळी त्यांच्या हातात दिली. बराच वेळ ती कुरवाळून आजोबांनी स्वतःच ती हिरव्या मण्याशेजारी खोचली. बंद फाटक पाहून शेजारीपाजारी समजून गेले. पण आजोबांची थोरली बहीण ल्युबिंका डोंगरातल्या गावी दिलेली; भावाबहिणीची भेट वर्षातून त्या एकाच दिवशी. तिला नको म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.

बाई मला खिडकीत विसरून गेल्या होत्या, म्हणून पुढचं मी पाहिलं. ल्युबिंका बोचकं घेऊन फाटकाशी आली. ती खोकत होती.

"उघड ना रे. पाय मोडून आलेत माझे."

"ताई, आत घेता येत नाही. घरात तान्हं आहे."

"बसमध्ये वारा लागलाय नुसता. तेवढ्यासाठी बहिणीला दारात उभी करतोस?"

सणासाठी शिजवलेला गोड गहू आणि सणाच्या पावाचा तुकडा आजोबांनी फाटकावरून दिला. तिने उभ्याने खाल्लं. मग विचारलं, "पोर कुणावर गेलीय?"

"तुझ्यावर. नाक तर अगदी तुझंच."

"मग आधी हुंडा साठवायला लाग. खिडकीशी तरी आण तिला."

आजोबांनी नेदाला काचेशी धरलं. ल्युबिंका डोळे भरून पाहत राहिली आणि परतीच्या बसला गेली.

तिचा खोकला डांग्याच निघाला. ती त्यातून बरी झाली. नेदाला काही झालं नाही. पण पुढच्या वर्षीचा लुकाचा सण यायच्या आत ल्युबिंका झोपेतच गेली.

पुढे संगणक आला. माझं काम तो चुटकीसरशी करू लागला आणि मी दवाखान्यातल्या कपाटावर जाऊन पडले. कुणीतरी मणी माझ्यात ओतावेत म्हणून मी फार झुरले. एकदा वुकाशिन आजोबा दवाखान्यात आले. त्यांनी मला खाली काढलं, धूळ पुसली आणि बाईंना विचारलं, "त्या वर्षी गावात पांढरे मणी पुरेसे असते, तर मला ताईला आत घेता आलं असतं का?"

बाई म्हणाल्या, "बहुधा आलं असतं, आजोबा."

मित्रांनो, लस वेळेवर घ्या. ती घ्यायची राहून गेली, की तिची किंमत कुणीतरी भलतंच माणूस आपल्या फाटकात उभं राहून मोजतं.